‘करकंड’ या नांवाची साक्ष

१. प्रश्न काय आहे

धाराशिवजवळच्या डोंगरांतील लेणीं कोणीं खोदविलीं, हा वाद नवा नाहीं. जेम्स बर्जेस यांनीं बिदर व औरंगाबाद या जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवरील आपला अहवाल १८७८ सालीं प्रसिद्ध केला व त्यांत या लेण्यांचें सविस्तर वर्णन दिलें. पुढें या विषयावर लिहिणाऱ्या विद्वानांत दोन पक्ष पडले. एका पक्षास हीं लेणीं मूळचीं जैन वाटतात. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, मुख्य लेण्याचा सुमारें ८० फूट लांबी-रुंदीचा मंडप व त्याच्या भोंवतालच्या कोठड्या यांची रचना अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशीं जुळते. सबब तीं मूळचीं बौद्ध असून मागाहून जैनांकडे आलीं असावीं. या वादांत पहिल्या पक्षाच्या बाजूनें एक साक्षीदार पुढें येतो. त्याचें नांव करकंड.

करकंडाची ओळख विद्वानांस करून दिली ती प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत असतां त्यांनीं मुनि कनकामर यांचें ‘करकंडचरिउ’ हें दहा संधींचें अपभ्रंश काव्य संपादून १९३४ सालीं कारंजा येथील जैन ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. काव्यांतील तेरापूर म्हणजे आजचें तेर, व त्याजवळच्या डोंगरांतील ज्या लेण्यांचें कवि वर्णन करितो तीं धाराशिवचीं लेणीं, ही गोष्ट त्यांनीं दाखवून दिली. ही ओळख आम्हांस पूर्णपणें मान्य आहे, आणि तिच्याबद्दल मराठवाड्याच्या इतिहासाचा अभ्यास करणारा प्रत्येक मनुष्य त्यांचा ऋणी आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. करकंड हा खरोखरीचा राजा होऊन गेला असें धरावयाचें, त्याचा काल ठरवावयाचा, आणि त्या कालावरून लेण्यांचा काल व लेण्यांचा धर्म ठरवावयाचा, ही जी अनुमानांची माळ आहे, ती ओढ सोसते काय ?

हा प्रश्न आजच उपस्थित करण्यास कारण आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून पडलेलें उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं अधिकृतपणें जाऊन त्या जागीं धाराशिव हें जुनें नांव आलें. जुन्या नांवांकडे लोकांचें लक्ष वळलें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नांवाविषयीं प्रेम असणें निराळें आणि नांवास पुरावा समजणें निराळें. धाराशिव या नांवाचा उलगडा कोणी धारासुर नामक दैत्यापासून करितात व शहरांतील धारासुरमर्दिनी देवीकडे बोट दाखवितात. करकंडाच्या कथेंत तेरापूरच्या अधिपतीचें नांव शिव असल्यामुळें कोणास त्यावरूनहि तो करितां येईल. दोन्ही उलगडे कथेंतून आलेले आहेत, आणि कथा स्थलनामाच्या मागून येते कीं पुढून, हें प्रत्येक वेळीं तपासून पाहावें लागतें. व्यक्तिनामालाहि हाच न्याय लागू आहे.

२. हें नांव कोणीं धारण केलें

करकंड हें नांव फार विरळा. रामायण-महाभारतांत ज्या नांवांची पुन्हां पुन्हां आवृत्ति होते त्यांत तें नाहीं. पुढच्या राजवंशांत तें कोणीं हौसेनें ठेविलें असेंहि नाहीं. तें ज्या थोड्या ठिकाणीं येतें तीं सर्व बौद्ध व जैन वाङ्मयांतील आहेत. म्हणून एकेक स्थळ क्रमानें पाहणें शक्य आहे.

पहिलें स्थळ पाली दीघनिकायांतील अम्बट्ठसुत्त. इक्ष्वाकु म्हणजे ओक्काक राजानें आवडत्या राणीच्या पुत्रास राज्य मिळावें म्हणून आपल्या थोरल्या पुत्रांस देशोधडीस लाविलें. ते हिमालयाच्या पायथ्याशीं जाऊन राहिले व त्यांच्यापासून शाक्यांचें कुल निघालें, अशी तेथें कथा आहे. त्या निर्वासित राजपुत्रांत ओक्कामुखाच्या जोडीस करकंड आहे. महावस्तु या संस्कृतमिश्रित बौद्ध ग्रंथांत तोच राजपुत्र करकण्डक या रूपानें येतो. याचा अर्थ असा कीं, खुद्द बुद्धाच्या पूर्वजांत या नांवाचा एक पुरुष गणला जात असे.

दुसरें स्थळ कुंभकारजातक. येथें कलिंग देशांतील दंतपूरचा राजा करण्डु (याच नांवाचें दुसरें रूप करकण्डु), गंधाराचा नग्गजि, विदेहाचा निमि व पांचालांचा दुम्मुख असे चार राजे राज्यत्याग करून प्रत्येकबुद्ध होतात आणि वाराणसीजवळ कुंभार म्हणून जन्मास आलेल्या बोधिसत्त्वाकडे येऊन आपापल्या वैराग्याचें कारण सांगतात.

तिसरें स्थळ जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रांतील अठरावें अध्ययन. तेथें हेच चार राजे, याच चार देशांचे, एका गाथेंत गोंविलेले आहेत. आणि कलिंगाच्या नांवासमोर करकण्डु आहे. सूत्रांत नुसतीं नांवें आहेत. कथा टीकाकारांनीं दिली. त्यांतील देवेंद्रगणीची विक्रम संवत् ११२९ मधील टीका प्रसिद्ध असून तींतील करकण्डूची प्राकृत कथा याकोबी यांनीं १८८६ सालीं आपल्या निवडक महाराष्ट्री कथांत छापली.

चौथें स्थळ म्हणजे दिगंबर कथाकारांचा करकंड. हरिषेणाच्या इ. स. ९३१ मधील बृहत्कथाकोशांत त्याची कथा आहे. अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कनकामरानें तिचें महाकाव्य केलें. आणि संवत् १६११ मध्यें भट्टारक शुभचंद्रानें तीवर संस्कृत काव्य लिहिलें.

हीं चार स्थळें समोर ठेविलीं असतां पहिला निष्कर्ष आपोआप निघतो. करकंड हें नांव एका पंथाच्या मालकीचें नाहीं. शाक्यांच्या वंशावळींत तें आहे, बौद्धांच्या प्रत्येकबुद्धांत आहे, श्वेतांबरांच्या सूत्रांत आहे व दिगंबरांच्या पुण्यकथांत आहे. लेण्यांशीं करकंडाचें नांव निगडित आहे म्हणून लेणीं जैन, असें म्हणणारास, त्याच नांवाच्या बळावर तीं बौद्ध, असें उत्तर देतां येईल. आणि तें उत्तरहि तितकेंच निराधार असेल.

३. चार नांवें स्थिर, चार कथा फिरत्या

प्रत्येकबुद्धांच्या या चौकडीचा तुलनात्मक अभ्यास यार्ल शार्पांतिये यांनीं १९०८ सालीं केला. त्या तुलनेंतील एक गोष्ट आमच्या विषयास इतकी महत्त्वाची आहे कीं ती थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे.

जातकांत कलिंगाच्या करण्डूस वैराग्य होतें तें आंब्याच्या झाडामुळें. राजा फळांनीं लवलेल्या झाडाचें एक फळ तोडतो; मागून येणारी मंडळी सारें झाड ओरबाडतात; परत येतांना राजास तें झाड विस्कटलेलें दिसतें आणि शेजारचें निष्फळ झाड जसेंच्या तसें उभें असतें. जवळ कांहीं नसणाराच निर्भय, हें त्याच्या मनांत ठसतें. गंधाराच्या नग्गजीस बोध होतो तो दळणाऱ्या स्त्रीच्या हातांतील कांकणांवरून : दोन असलीं तर वाजतात, एक असलें तर वाजत नाहीं. विदेहाच्या निमीस तो मांसाच्या तुकड्यासाठीं भांडणाऱ्या पक्ष्यांवरून होतो, व पांचालांच्या दुम्मुखास गाईच्या मोहानें मारल्या गेलेल्या वळूवरून.

आतां श्वेतांबर टीकेंतील वांटणी पाहावी. तेथें वळू करकण्डूकडे आला आहे. राजास गोधनाची आवड. एक पांढरें शुभ्र वासरूं त्यानें कौतुकानें वाढविलें, त्याचा मदमत्त वळू झाला, आणि कांहीं वर्षांनीं तोच वळू म्हातारा होऊन दुसऱ्यांच्या धडका खातांना दिसला. तें पाहून राजा विरक्त झाला. कांकणें विदेहाच्या नमीकडे गेलीं. आंब्याचें झाड गंधाराच्या नग्गईकडे गेलें. पांचालांच्या दुम्मुहास इंद्रध्वज मिळाला, जो काल शृंगारलेला होता व आज धुळींत पडला आहे.

म्हणजे नांवें जेथल्या तेथें, देश जेथल्या तेथें. हललें तें केवळ चरित्र. खुंट्या चार, त्यांवरचीं वस्त्रें मात्र प्रत्येक संप्रदायानें आपल्या सोयीनें टांगलीं. ज्या राजाच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी घटनाच एका परंपरेंत आंबा आणि दुसऱ्या परंपरेंत वळू आहे, त्याच्या आयुष्यांतील इतर घटनांवर, उदाहरणार्थ त्याच्या दक्षिणदिग्विजयावर, इतिहासाची इमारत उभी करणें सुज्ञपणाचें नाहीं.

हेमचंद्र रायचौधुरी यांनीं प्राचीन भारताच्या राजकीय इतिहासावरील आपल्या १९२३ सालच्या ग्रंथांत या चौघांस समकालीन मानून पार्श्वनाथानंतर व बुद्धापूर्वीं ठेवण्याचा विचार मांडला. त्यांच्यासारख्या सावध इतिहासकारास हें सुचलें याचें कारण उघड आहे : चौघांपैकीं तिघांच्या नांवांस वेदवाङ्मयाचा आधार आहे. पांचाल दुर्मुख व गांधार नग्नजित् हे ऐतरेय ब्राह्मणांत आहेत. विदेहाचा नमी साप्य पंचविंश ब्राह्मणांत आहे. परंतु याच न्यायानें चौथ्याकडे पाहिलें पाहिजे. कलिंगाच्या करकण्डूस ब्राह्मणग्रंथांचा असा आधार लाभलेला नाहीं. कलिंगाचा सर्वांत मोठा जैन राजा खारवेल. त्याचा हाथीगुंफेचा विस्तृत लेख आपल्यासमोर आहे, पण त्यांतहि करकण्डूचें स्मरण नाहीं. तीन साक्षीदारांची पत चांगली, म्हणून चौथ्यास न तपासतां सोडावें, असा न्याय कोठें नाहीं.

४. नांवाची व्युत्पत्ति

व्याकरणाच्या अंगानें पाहतां हें नांव अधिक बोलकें होतें. कण्डू म्हणजे खाज. आपल्या ‘कंड सुटणें’ या प्रयोगांत तोच शब्द जिवंत आहे, म्हणून मराठी वाचकास करकंड हें नांव ऐकतांच अर्धें समजतें. उरलें पद ‘कर’. याचे संस्कृतांत दोन अर्थ प्रसिद्ध : हात आणि सरकारसारा. कथाकारांनीं दोन्ही अर्थ वापरले आहेत, आणि मौज अशी कीं एकानें एक व दुसऱ्यानें दुसरा.

कनकामराच्या कथेंत मुलाच्या हातास खाज होती म्हणून तो करकंड. ‘करे कण्डूः यस्य’ असा हा व्यधिकरण बहुव्रीहि. श्वेतांबर टीकेंत गोष्ट निराळी आहे. स्मशानांत वाढलेला हा मुलगा सवंगड्यांत राजा बनतो व त्यांच्याकडे कर मागतो. अंगास कोरडी खरूज झालेली. तेव्हां मुलांजवळ दुसरें कांहीं नाहीं तर मला खाजवा, हाच तुमचा कर, असें तो म्हणतो. म्हणून त्याचें नांव करकण्डु. ‘करः कण्डूः यस्य’, ज्याचा सारा म्हणजे खाजवणें तो. हा समानाधिकरण बहुव्रीहि.

एकाच समासाचे दोन विग्रह दोन परंपरांनीं केले, याचा अर्थ समास दोघांच्याहि आधींचा आहे. नांव हातीं आलें होतें, त्याचा अर्थ हातीं आला नव्हता. तो ज्यानें त्यानें शोधला. जातकांतील करण्डु या रूपास तर दोहोंपैकीं एकहि विग्रह लागत नाहीं. तेथें आपल्या करंड्याशीं सगोत्र असलेला करण्ड शब्द अधिक जवळचा दिसतो. खरजेची गोष्ट ही नांवाचें कारण नसून नांवाचें कार्य आहे, असें आम्ही म्हणतों तें याच आधारावर.

परंतु तेवढ्यानें या गोष्टीचें मोल कमी होत नाहीं. उलट येथेंच तिचें खरें मोल सुरू होतें. नामकरणाचे आपले जुने नियम पाहावे. मुलाचें नांव दोन वा चार अक्षरांचें असावें, घोष वर्णानें सुरू व्हावें, मध्यें अंतःस्थ वर्ण असावा, असें गृह्यसूत्रकार सांगतात आणि पतंजलीनेंहि महाभाष्याच्या आरंभीं याज्ञिकांचा हा नियम उद्धृत केला आहे. करकण्डु या नांवांत अक्षरें चार आहेत, मध्यें रेफ आहे. आरंभ मात्र अघोष ककारानें झाला आहे. अर्थाच्या दृष्टीनें मनूचा नियम याहून कडक : ब्राह्मणाचें नांव मंगल, क्षत्रियाचें बलान्वित, वैश्याचें धनयुक्त, शूद्राचें जुगुप्सित. क्षत्रिय राजाच्या पुत्राचें नांव खरजेवरून पडावें, हा या व्यवस्थेचा उघड भंग आहे; आणि कथेस नेमका तोच पाहिजे आहे.

कथा अशी. चंपेच्या दधिवाहन राजाची राणी पद्मावती गर्भवती असतां हत्तीवर बसते, हत्ती उधळतो, राजा वडाच्या फांदीस लोंबकळून वांचतो आणि राणीस हत्ती अरण्यांत नेतो. पुढें श्वेतांबर कथेप्रमाणें ती साध्वी होते व जन्मलेलें मूल नाममुद्रेसह स्मशानांत ठेविते. स्मशानाचा रखवालदार मातंग तें उचलून घरीं नेतो. त्याचें पहिलें नांव अवकीर्णक, म्हणजे टाकून दिलेला. हाच पुढें करकण्डु.

अवकीर्णक हें नांव वाचतांना आमच्या भागांतील कोणासहि थबकावें लागेल. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत कचरू, केरबा, उकिर्डा, दगडू, धोंडू, भिकू हीं नांवें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं आहेत. आधींचीं मुलें दगावलीं म्हणजे नव्या मुलास क्षणभर उकिरड्यावर ठेवावयाचें, दुसऱ्याकडून उचलून आणावयाचें आणि मृत्यूची दृष्टि त्यावर पडूं नये असें ओंगळ वा क्षुद्र नांव ठेवावयाचें, ही रीत आपल्यास अपरिचित नाहीं. अवकीर्णक हा त्या रीतींतला कचरूच होय. करकण्डु हेंहि त्याच जातीचें नांव. राजवंशाच्या पोथींत तें विरळा दिसतें. पण ज्या घरांत मूल जगेल कीं नाहीं ही धास्ती असते, तेथें त्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत.

टीकाकारानें कथा शेवटास नेली आहे तीहि याच दिशेनें. करकण्डु कांचनपूरचा राजा झाल्यावर, हा मातंग, यास आम्ही गांवांत येऊं देणार नाहीं, असें म्हणून ब्राह्मण अडवितात. तेव्हां त्याच्या हातांतील वेळूचा दंड पेटतो आणि ते भिऊन वाट देतात. पुढें वाटधानक येथें राहणाऱ्या चांडाळांस करकण्डूनें ब्राह्मण केलें, असें तेथें सांगितलें आहे. राजा झाल्यावरहि त्यानें नांव बदललें नाहीं. त्याच्या नाममुद्रेवर पित्याचें नांव होतें, परंतु जगानें त्यास ओळखलें तें मातंगाच्या अंगणांत पडलेल्या नांवानें. ही कथा सांगणारांस राजावळी लिहावयाची नव्हती. जन्मानें मिळणारें नांव मोठें कीं वाट्यास आलेलें नांव मोठें, हें सांगावयाचें होतें. कथेचें हें हृद्गत बाजूस सारून तींतून केवळ सन काढूं पाहणें, हा कथेवरहि अन्याय आणि इतिहासावरहि अन्याय आहे.

५. कनकामराचें तेरापूर

आतां काव्यांतील जो भाग आपल्या जिल्ह्याशीं निगडित आहे तो पाहूं. चेर, चोल व पांड्य राजांवर स्वारीस निघालेला करकंड वाटेंत तेरापुरीं तळ देतो. तेथील अधिपति शिव त्यास भेटून सांगतो कीं जवळच्या डोंगरांत एक लेणें आहे, आणि वर एक वारूळ असून एक हत्ती रोज येऊन पाणी व कमळ वाहून त्याची पूजा करितो. वारूळ खणलें जातें व पार्श्वनाथाची मूर्ति निघते. पुढें लेण्यांतील मूर्तीच्या सिंहासनावर एक गांठ राजाच्या नजरेस पडते. ती शोभत नाहीं म्हणून तो पाथरवटाकडून फोडवितो, तोंच पाण्याचा लोट उसळून लेणें भरून जातें. राजा पश्चात्ताप करीत बसतो. मग त्यास लेण्याची पूर्वकथा समजते : उत्तरेंतून आलेले नील व महानील नांवाचे विद्याधर बंधु तेरापुरीं राहिले व त्यांनीं हें लेणें करविलें. नंतर करकंड स्वतः तेथें आणखी लेणीं करवून पुढें जातो.

या भागाचें काव्य म्हणून परीक्षण केलें तर कनकामराची दृष्टि चांगलीच तीक्ष्ण आहे असें म्हणावें लागतें. राजाच्या हातून घडलेली चूक त्यानें लपविली नाहीं. दिग्विजयास निघालेल्या नायकाचा हात एका क्षुल्लक गांठीस लागतो आणि ज्याचा उद्धार करावयाचा तेंच पाण्याखालीं जातें. ज्याच्या हातास कंड, त्याच्या हातून असेंच होणार, अशी खोंच कवीनें मनांत धरली होती कीं काय, तें त्यानें बोलून दाखविलेलें नाहीं. परंतु वाचकास ती जाणवल्यावांचून राहत नाहीं. सर्वत्र त्याचें काव्य इतकें सरस नाहीं. मदनावलीचें हरण, सिंहलद्वीपाचा प्रवास, रतिवेगेशीं विवाह, हे भाग त्या काळच्या चरितकाव्यांच्या ठरीव सांच्यांतून निघालेले आहेत व मधल्या उपकथांनीं मूळ कथा वारंवार अडते. तेरापूरचा भाग त्यांत उठून दिसतो, याचें कारण तेथें कवीजवळ सांगण्यासारखें स्थळ आहे.

६. साक्ष कोठवर ग्राह्य

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, करकंडाची साक्ष फेंकून द्यावयाची नाहीं. ती ज्या गोष्टीविषयीं आहे त्याच गोष्टीविषयीं घ्यावयाची. ती कनकामराच्या काळाविषयीं आहे, करकंडाच्या काळाविषयीं नाहीं. तशी घेतली असतां तींतून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली : अकराव्या शतकांत हीं लेणीं जैन तीर्थ म्हणून दूरवर ख्यात होतीं. त्याच वेळीं तीं इतकीं जुनीं समजलीं जात होतीं कीं त्यांचें कर्तृत्व मनुष्यांकडे न देतां विद्याधरांकडे देणें लोकांस स्वाभाविक वाटे. शिवाय, कथेचा नायक आद्य लेण्याचा कर्ता नाहीं. तो त्याचा शोध लावणारा, बिघडविणारा आणि मग भर घालणारा आहे. करकंडानें लेणीं खोदविलीं असें जे सरसकट म्हणतात ते आपल्याच साक्षीदाराची जबानी पुरती वाचीत नाहींत. एका वस्तूवर एकामागून एक हात फिरले, हेंच ती जबानी सांगते. आणि लेण्यांच्या रचनेवरून निघणारें उत्तरकालीन फेरफाराचें अनुमान तिच्याशीं विरोधी नाहीं.

दुसरी : तेरापूर हें रूप. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर ही मोठी पेठ सांगितली आहे. तगर म्हणजे तेर हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं ठरविलें. कनकामराच्याच शतकांत कोंकणचे शिलाहार आपल्यास ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवीत. शके ९४८ मधील छित्तराजाचा भांडुप ताम्रपट त्या काळचाच. ताम्रपट लिहिणारा पंडित तगर लिहितो आणि अपभ्रंश कवि तेर लिहितो. त्या शतकांत लोकांच्या तोंडीं तेर हेंच रूप रुळलें होतें, याला यापरता चांगला पुरावा नको. इतिहासाच्या दृष्टीनें या एका रूपाचें मोल करकंडाच्या सर्व दिग्विजयाहून अधिक आहे.

तिसरी : विद्याधरांचा धागा. शिलाहार आपली उत्पत्ति जीमूतवाहन विद्याधरापासून सांगत आणि तगरास आपलें मूळ स्थान मानीत. काव्यांतहि तेरापूरचे जुने धनी विद्याधरच आहेत. यावरून नील-महानील हे शिलाहारांचे पूर्वज, असें अनुमान पुढें आलेलें आहे. तें आकर्षक आहे; पण शिलाहारांच्या लेखांतील वंशकथेंत जीमूतकेतु व जीमूतवाहन आहेत, नील व महानील नाहींत. तेव्हां इतकेंच म्हणावें कीं तेर व विद्याधर यांची सांगड त्या काळीं दोन स्वतंत्र ठिकाणीं आढळते, आणि तिच्या मुळाशीं तेरची एखादी स्थानिक आख्यायिका असावी. त्यापलीकडे पाऊल टाकण्यास आज आधार नाहीं.

नामसाम्याचा मोह किती बळकट असतो याचें एक उदाहरण देऊन हा विषय आटोपतों. जातकांत करण्डूची कथा ऐकणारा बोधिसत्त्व कुंभार आहे. आणि तेर हें संत गोरोबा कुंभारांचें गांव. दोन्हीकडे कुंभार, दोन्हीकडे वैराग्य. या दोन टोकांस जोडणारा दोरा वळण्यास कल्पक मनुष्यास एक दुपार पुरेल. तरी त्यांत इतिहास कणभरहि नसेल. गोरोबांची थोरवी जातकाच्या आधाराची वाट पाहत बसलेली नाहीं, आणि धाराशिवच्या लेण्यांची थोरवीहि करकंडाच्या कालनिर्णयावर अवलंबून नाहीं.

लेण्यांचा निकाल लेण्यांतच लागेल : खांबांच्या घडणींत, मूर्तींच्या आसनांत, छिन्नीच्या जुन्या व नव्या घावांत. तो लागेपर्यंत, २०२३ सालीं परत मिळालेल्या नांवाच्या भरांत या किंवा त्या पंथानें करकंडाच्या नांवाची सनद काढून डोंगरावर हक्क सांगूं नये. ज्यास जन्मतांच स्मशानांत टाकलें, ज्यास मातंगानें वाढविलें, ज्याची गोष्ट बौद्ध व जैन दोघांनीं आपापल्या मुलांस सांगितली, त्याचें नांव भिंत घालण्यासाठीं वापरणें त्या कथेच्या अगदीं विरुद्ध आहे. संशोधकांनीं काव्य काव्य म्हणून वाचावें, दगड दगड म्हणून वाचावा, आणि दोहोंची सांगड जेथें खरोखर बसते तेवढीच मान्य करावी.